बुधला धुतला तो रविवार

"ताई! धाव! हलतोय!"

रविवारी सकाळी साडेअकराला स्वयंपाकघरातून अशी हाक आली की अंगणात सायकलमध्ये हवा भरत बसलेल्या थोरलीच्या हातून पंपच सुटला.

"काय हलतंय?"

"रस! रस हलतोय!"

थोरली आत धावली. टेबलावर चार पातेली आणि खाली फरशीवर दोन बादल्या होत्या. काल रात्रीपर्यंत त्यांतला नासपतीचा रस गढूळ पाण्यासारखा निपचित पडला होता. आता प्रत्येक पातेल्यावर पांढरट फेसाची साय आली होती आणि खालून टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे एकामागून एक वर येत होते. धाकटी मोठ्या पातेल्यावर वाकून, केस एका हाताने धरून, कान लावून उभी होती.

"ऐक," ती म्हणाली. "बोलतोय."

थोरलीनेही कान लावला. बारीक, सतत, सोडावॉटरची बाटली नुकती उघडल्यासारखा आवाज.

"पण आपण तर अजून काहीच घातलं नाही यात."

"तेच तर! सालीवरचंच खमीर उठलं. आपली वाट नाही बघितली त्याने."

या दोघी बहिणी. थोरली एक्कावन्न वर्षांची, शहर बस चालवायची, चौदा नंबरची. धाकटी तिच्याहून पाच वर्षांनी लहान, एका दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. घर दोघींचं, आणि मागच्या अंगणात नासपतीचं एक झाड, जे दरवर्षी आपलं मोजकी फळं द्यायचं. या वर्षी मात्र ते वाकेपर्यंत लगडलं होतं, आणि बुधवारच्या वाऱ्याने ती सगळी फळं एका रात्रीत खाली आणली. आपटलेली फळं टिकतात किती? शेजारीपाजारी वाटून झाली, खाऊन झाली, तरी तीन टोपल्या उरल्या. तेव्हा धाकटीने वाचनालयातून एक पुस्तक आणलं आणि जाहीर केलं, "याची वाइन करायची."

तीन संध्याकाळी दोघींनी लाकडी मोगरीने फळं कुटली आणि उशीच्या अभ्र्यात भरून पिळली. बावीस लिटर रस निघाला. दंड असे भरून आले की शनिवारी थोरलीला बसचं चाक वळवताना देव आठवला. सोमवारी बाजारातून मोठं काचेचं भांडं आणायचं, खमीर आणायचं, मग सावकाश सुरुवात करायची, असा बेत होता.

बेत बाईसाहेबांचा होता, रसाचा नव्हता.

"आता काय होईल?" थोरलीने विचारलं.

"आता हा असा उघडा राहिला तर चिलटं येतील. आणि चिलटं आली की वाइन विसरायची. बावीस लिटर व्हिनेगर. जन्मभर खिडक्या पुसायच्या."

हे बोलत असतानाच एक चिलट पातेल्याच्या काठावर येऊन बसलं. धाकटीने किंचाळून त्याच्यावर फडकं हाणलं. दोघींनी मिनिटभरात घरातली सगळी फडकी, टॉवेल, टेबलक्लॉथ ओले करून भांड्यांवर पसरले.

"निमुळत्या तोंडाचं भांडं हवं," धाकटी येरझारा घालत होती. "काचेचं. मोठं. वरून बूच बसेल असं. आजच हवं. आणि रविवार! सगळी दुकानं बंद!"

थोरली एकदम थांबली. चौकात दिवा हिरवा झाल्यावर जशी तिची मान वर व्हायची, तशी झाली.

"काकूंचा बुधला."

भिंतीपलीकडच्या घरात घड्याळकाका राहायचे. पुढच्या खोलीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे घर. वय चौऱ्याहत्तर, पण डोळ्याला भिंग लावलं की केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरताना हात थरथरत नसे. त्यांची बायको दरवर्षी घरी फळांची वाइन करायची, आणि वर्षाला एक बाटली या दोघींकडे यायची. काकू जाऊन चार वर्षं झाली होती.

काकांनी दार उघडलं तेव्हा भिंग कपाळावरच होतं. थोरलीने बुधला मागितला.

"आहे," ते म्हणाले. "मागे शेडमध्ये. पण तुमच्या उपयोगाचा नाही तो."

"का?"

"या, दाखवतो."

शिडी, रंगाचे डबे आणि गुंडाळलेल्या जाजमामागून त्यांनी तो ओढून काढला. पंचवीस लिटरचा, हिरवट काचेचा, पोट गरगरीत आणि मान अशी बारीक की दोन बोटं जातील, तिसरं नाही. धूळ पुसल्यावर आतलं दिसलं. तळाला आटलेल्या तळ्यासारखा भेगा पडलेला तपकिरी थर. अंगाला खपल्या. आणि मानेखाली, जिथे खांद्याची गोलाई सुरू होते तिथे, वाळलेल्या फेसाचं अंगठ्याएवढं जाड कडं.

"ती गेली तेव्हा हा भरलेला होता," काका म्हणाले. "पुढच्या आठवड्यात मी सगळं ओतून दिलं आणि हा इथे आणून ठेवला. धुवायचं सुचलंच नाही. तिने पाहिलं असतं तर मला झोडपलं असतं. ती रिकामा झाला की उभ्याउभ्या धुवायची, जेवायलासुद्धा थांबायची नाही."

"आम्ही धुतो," धाकटी म्हणाली.

"कशाने? हात जात नाही, ब्रश वळत नाही. चार वर्षांची घाण आहे ती. घेऊन जा हवं तर, पण मला नाही वाटत."

दोघींनी बुधला ब्लँकेटमध्ये गुंडाळला आणि रुग्णाला न्यावा तसा चार टोकं धरून आपल्या अंगणात आणला. मध्ये धाकटीचा पाय घसरला आणि थोरलीने "ए!" अशी आरोळी ठोकली की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

सव्वाबारा वाजले होते.

थोरलीचा स्वभाव सरळ: घाण आहे ना, मग कढत पाणी. ती आत गेली आणि वाफाळती किटली घेऊन आली. बुधल्याच्या तोंडाशी किटलीची चोच नेली तोच भिंतीवरून आवाज आला.

"थांब! थांब म्हणतो ना!"

काका भिंतीपलीकडे स्टुलावर उभे होते. फक्त डोकं आणि कपाळावरचं भिंग दिसत होतं.

"थंडगार काचेत उकळतं पाणी? तडकेल ते, आणि सगळं तुझ्या पायावर येईल! कोमट घे. आधी कोमट, मग त्याहून जरा गरम. काचेला सवय लावावी लागते."

थोरली दोन पावलं मागे सरली. तिने किटली लांब ठेवली.

कोमट पाणी घातलं, त्यात मूठभर धुण्याचा सोडा. पंधरा मिनिटांत पाणी काळ्या चहासारखं झालं. धाकटी टाळ्या वाजवायला लागली. पण ओतून पाहिलं तर अंगाच्या खपल्या गेल्या होत्या, तळ अर्धा सुटला होता, आणि उरलेला अर्धा जागेवरच.

"व्हिनेगर घालू," धाकटी म्हणाली. "पुस्तकात आहे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर."

"किती?"

"किती ते नाही लिहिलं."

तिने अख्खं पाकीट सोडा ओतला, मग अख्खी बाटली व्हिनेगर. क्षणभर काहीच झालं नाही. दोघी वाकून बघत होत्या. आणि मग बुधल्याच्या बारीक मानेतून फेसाचा असा फवारा उडाला की थोरलीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं पांढरं झालं. ती तोंड उघडं ठेवून तशीच उभी राहिली. धाकटी हसून हसून जमिनीवर बसली. भिंतीपलीकडे स्टूल करकरलं, कारण काकाही हसत होते.

"सोडा-व्हिनेगरने एकमेकांना संपवलं," ते डोळे पुसत म्हणाले. "घाण मात्र मजेत आहे."

"काका, तुम्ही तिथे उंटावरून शेळ्या हाकताय," थोरली चेहरा पुसत म्हणाली. "इकडे या ना त्यापेक्षा."

"माझं काय काम? चालू द्या तुमचं."

पुढचा प्रयोग तांदळाचा. दोन मुठी कच्चे तांदूळ, थोडं पाणी. थोरली पायरीवर बसली, बुधला मांडीवर आडवा घेतला आणि मोठ्या वळणावर बसचं चाक फिरवावं तसा सावकाश, गोल गोल फिरवू लागली. आत तांदूळ सळसळायला लागले.

"पुन्हा फिरव," काका म्हणाले.

त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. थोरलीने वर पाहिलं. ते हसत नव्हते. मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत होते. घड्याळ कानाशी धरून ऐकावं तसं.

"नाही," ते म्हणाले. "हा आवाज नाही."

"कसला आवाज?"

"ती धुवायची तेव्हाचा. मी पुढे दुकानात बसलेलो असायचो, आणि मागून यायचा. तीस वर्षं ऐकला. कधी उठून पाहिलं नाही ती आत काय घालते ते. कशाला पाहायचं? मला वाटायचं, तिचं काम आहे, तिला माहीत." ते स्टुलावरून उतरले. भिंतीमागून आवाज आला, "फाटक उघडा. येतो मी."

ते आले ते बाह्या वर करूनच.

"असा होता," ते हाताने हवेत वर्तुळ काढत म्हणाले. "सुरुवातीला खळ्ळकन. मग बारीक, घुंगरासारखा. पण घुंगरं कशी सुटी सुटी वाजतात, तसा नाही. सलग. आणि कसा सांगू... धातूचा होता."

"आता ते शोधूनच काढायचं!" धाकटी आधीच स्वयंपाकघराकडे पळाली होती. जाता जाता तिने पातेल्यावरचं एक फडकं उचलून पाहिलं. "ताई, फेस बोटभर वर आलाय! लवकर!"

ती अंड्यांची टरफलं घेऊन आली. चार अंडी त्यासाठी मुद्दाम फोडली होती. टरफलं चुरून आत घातली, थोरलीने फिरवला. तळाचा थर आणखी थोडा झिजला.

"कोरडा आवाज," काकांनी मान हलवली. "नाही."

शिवणाच्या डब्यातली बटणं घातली. "टकटक. हा तर सुतारपक्षी झाला." थोरलीने सायकलच्या डब्यातून मूठभर खिळे काढले, तेव्हा मात्र त्यांनी तिचा हातच धरला. "काचेवर ओरखडे पडतील. त्यात पुन्हा घाण बसते. चमचे वाजवून बघा, ते चालेल." चमचे मानेतून गेलेच नाहीत.

मग थोरलीने स्वतःची अक्कल चालवली. फडक्याचा एक तुकडा सुतळीला बांधून तिने आत सोडला आणि बुधला फिरवायला लागली. छान चाललं होतं. फडकं तळाला घासत होतं, तपकिरी रेघा पुसल्या जात होत्या. "बघा!" ती म्हणाली, आणि सुतळी ओढली. सुतळी आली. फडकं आत राहिलं.

तिघंही हिरव्या काचेतून आत पडलेल्या त्या ओल्या बोळ्याकडे बघत राहिले.

"शाबास," धाकटी म्हणाली. "आता नासपती-फडका वाइन."

"गप्प बस. माझ्या तोंडचं पाणी पळालंय."

काकांनी कपड्यांचा एक तारेचा हँगर मागितला. पक्कड स्वतःच्या खिशातून काढली. हँगर सरळ केला, टोकाला नखाएवढा आकडा वळवला, मग भिंग डोळ्यावर ओढलं आणि गवतावर पोटावर आडवे झाले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस बुधल्याच्या तोंडात डोळा घालून पालथा पडलेला! धाकटी मोबाइलच्या दिव्याने बाहेरून उजेड पाडत होती.

"जरा डावीकडे. अजून. स्थिर धर. स्थिर म्हणजे स्थिर, नाचू नकोस."

"नाचत नाहीये, घाबरलेय."

आकडा फडक्यात रुतला. काकांनी तो पीळ देत देत, श्वास रोखून वर घेतला. फडकं मानेत शिरलं, लांबट झालं, अडकलं, पुन्हा सरकलं आणि फट्कन बाहेर आलं. थोरलीचा जीव भांड्यात पडला.

काका मात्र उठले नाहीत. आडव्यानेच ते हातातल्या लोंबत्या फडक्याकडे पाहत होते.

"हे बघ कसं आलं," ते पुटपुटले. "एक टोक धरलं की मागून सगळंच आलं. सुटं असतं तर एकेक करून काढावं लागलं असतं. तिला इतका वेळ कुठे होता? म्हणजे सुटं नव्हतंच ते. ओवलेलं होतं." ते एकदम उठून बसले. "साखळी!"

"कसली साखळी?"

"सिंकच्या बुचाची! अगं, ती मण्यामण्यांची असते ना, स्टीलची!" त्यांचा चेहरा असा झाला की धाकटीला वाटलं, यांना घेरी येतेय. पण ते हसत होते. "ती साखळी कायम तुटायची! महिना-दोन महिने गेले की ही म्हणायची, 'तुमची साखळी पुन्हा निसटली. जगाची घड्याळं दुरुस्त करता आणि घरातली एक कडी टिकत नाही तुमच्या हातून.' मी जोडायचो. पुन्हा तुटलेली! जाड कडी घातली, तरी तुटलेली! मला स्वतःच्या कामाची लाज वाटायला लागली होती. आणि ही बाई... ही बाई स्वतःच काढत होती!"

"आणि तुम्हाला कधी बोलल्या नाहीत?"

"बोलेल कशाला? मला चिडवायला मिळत होतं ना फुकटात!"

एवढं बोलून ते पळाले. चालले नाहीत, पळाले. फाटक आपटलं, त्यांच्या घराचं दार आपटलं, आत कुठेतरी काहीतरी पडलं. तीन मिनिटांत परत आले ते हातात दोन साखळ्या घेऊन. एक स्वयंपाकघरातली, एक न्हाणीघरातली.

"घाल."

साखळ्या बुधल्याच्या मानेतून सुर्रकन खाली गेल्या आणि तळाला वेटोळं करून बसल्या. पेलाभर कोमट पाणी, चिमूटभर सोडा. थोरलीने बुधला मांडीवर घेतला आणि फिरवला.

खळ्ळ. आणि मग बारीक, सलग, चांदीसारखा आवाज अंगणभर पसरला.

काकांनी डोळे मिटले नाहीत या वेळी. ते टक लावून बघत होते. "हाच," ते म्हणाले. "हाच, हाच! थांबू नकोस. असाच, अजून जोरात."

साखळी तळावरून फिरत होती आणि थर उठत होता. आधी चकत्या, मग चुरा, मग नुसता गाळ. तिघांनी आळीपाळीने फिरवला. काका तर फिरवता फिरवता मोठ्याने बोलत होते, कुणाशी ते दोघींनी विचारलं नाही. "निसटली म्हणे! निसटली!" दहा मिनिटांनी पाणी ओतलं, साखळ्यांचं टोक पकडून त्या बाहेर ओढल्या, आणि बुधला उन्हात धरला. तळ स्वच्छ. त्यातून थोरलीला आपल्या चपलेवरचा बंद दिसत होता.

पण खांद्याखालचं कडं तसंच होतं. तिथपर्यंत साखळी पोचत नव्हती. बुधला उलटा केला की ती घसरून मानेत यायची. घोडं तिथेच पेंड खात होतं. आणि दोन वाजून गेले होते. धाकटी आत जाऊन आली ती धापा टाकतच.

"एका बादलीतून फेस बाहेर आलाय. सात चिलटं होती. पाच मारली."

"मग दोन कुठे गेली?"

"तेच शोधतेय!"

ती डोक्याला हात लावून पायरीवर बसली आणि समोर काकांच्या हसऱ्या तोंडाकडे तिची नजर गेली. त्यांची कवळी तिनेच बनवलेली होती, तीन वर्षांपूर्वी. अजून पांढरीशुभ्र.

"काका, तुम्ही कवळी कशाने धुता?"

"तू सांगितलंस त्या गोळ्यांनी. रात्री पेल्यात टाकतो."

"चहाचे डाग जातात?"

"सगळे."

"किती गोळ्या आहेत घरात?"

काकांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्यांदा पळाले.

सव्वीस गोळ्या निघाल्या. बुधला काठोकाठ कोमट पाण्याने भरला, अगदी मानेपर्यंत, आणि गोळ्या एकेक करून आत सोडल्या. प्रत्येक गोळी बुडबुडे सोडत, डोलत खाली गेली. हिरव्या काचेत निळसर पाणी खदखदायला लागलं आणि अंगणात पुदिन्याचा वास सुटला.

"आता धीर धरायचा," धाकटी म्हणाली. "पाऊण तास."

धीर कुणाला होता? थोरली घडी केलेलं वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात पहारा द्यायला उभी राहिली. धाकटीने कामाच्या पेटीतून दातांचे साचे घ्यायचा गुलाबी लगदा काढला. दुसऱ्या एका बाटलीची मान तेवढ्याच मापाची होती. तिच्यात तो भरून, मधोमध नळी खोचून, तिने बुधल्यासाठी बूच ओतलं. काकांनी जुन्या टूथब्रशची दांडी किटलीच्या पाण्यात मऊ करून काटकोनात वळवली आणि हँगरच्या तारेला घट्ट बांधली. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं, तरी सगळ्यांचे हात चालू होते.

पाऊण तासाने काकांनी तो वाकडा ब्रश आत घातला आणि कड्याला नुसता टेकवला. कडं हललं. त्यांनी ओढलं, आणि वाळलेल्या फेसाची बोटभर पट्टी सुटून संथपणे खाली तरंगत गेली.

"गेलं!" थोरली दारातूनच ओरडली.

"अजून पाऊण भाग आहे," काका म्हणाले, पण त्यांचेही कान लाल झाले होते.

पट्टीमागून पट्टी सुटली. शेवटची पट्टी काढायला काकांनी ब्रश धाकटीकडे दिला, धाकटीने थोरलीकडे. थोरलीने जीभ दातांत धरून ती खरवडली. मग बुधला आठ वेळा विसळला, पुदिना जाईपर्यंत. शेवटी घरातली अर्धी बाटली व्होडका आत फिरवून ओतून दिली. ती ओतताना थोरली हळहळली, पण धाकटी म्हणाली की जंतूंनाही कधीतरी पार्टी हवी.

बुधला उन्हात उभा राहिला. आत काहीही नव्हतं. हिरवा उजेड गवतावर पडला होता, एवढंच.

भरायला तासभर लागला. अभ्र्यातून गाळत, नरसाळ्यातून, न सांडता. बावीस लिटरातले जवळजवळ एकवीस बुधल्यात आले. बाकीचे दोघींच्या पायांवर, फरशीवर आणि काकांच्या बुटात. धाकटीने गुलाबी बूच दाबून बसवलं, नळीचं दुसरं टोक पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवलं.

"आता या नळीतून वायू बाहेर येईल. बुडबुडा दिसला की समजायचं, जमलं."

तिघं तीन खुर्च्यांवर बसले. समोर पेला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. बुधल्यात फेस वर चढत होता, रस धुमसत होता, पण पेल्यातलं पाणी ढिम्म.

"मेलं की काय?" थोरलीने हळूच विचारलं.

"फेस येतोय ना! मेलं असतं तर फेस आला असता का?"

"मग वायू जातोय कुठे?"

काका उठले. बुधल्याच्या मानेशी कान नेला आणि दोघींना हाताने गप्प बसायची खूण केली. एका बाजूला कान, मग दुसऱ्या बाजूला.

"इथून," त्यांनी बुचाच्या कडेला बोट ठेवलं. "फुसफुसतंय. केसाएवढी फट आहे."

धाकटीने पेटीतून दातांचं मेण काढलं, तळहातात मळून मऊ केलं आणि बुचाभोवती लिंपलं. काकांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. तिघं पुन्हा पेल्याकडे वाकले. पेल्यातल्या नळीच्या टोकाशी पाणी जरासं खाली दबलं. एक चमकता गोळा तिथे फुगायला लागला, थबकला, आणखी फुगला.

बुड्.

"पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं!" काका ओरडले.

थोरलीने धाकटीला मिठी मारून उचललंच. धाकटी वरून किंचाळत होती, "दुसरा! दुसरा मोजा!" दुसरा पन्नास सेकंदांनी आला. तिसरा एकतीस. सातच्या सुमाराला बुडबुडे दर चार सेकंदांनी येत होते आणि तिघांनी चार अंड्यांचं ऑम्लेट उभ्याउभ्या पेल्यासमोरच खाल्लं.

पुढचे पाच आठवडे काका रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी यायचे, घड्याळ टेबलावर ठेवायचे आणि बुडबुड्यांमधलं अंतर मोजायचे. थोरली कामावर निघालेली असायची; ती गणवेशाची बटणं लावत विचारायची, "आज किती?" आणि आकडा ऐकूनच बाहेर पडायची. चौदा नंबरच्या बसमधल्या रोजच्या प्रवाशांनाही हळूहळू हा आकडा कळायला लागला. "आज वीस सेकंद," ती तिकीटवाल्याला सांगायची आणि मागून कुणीतरी विचारायचं, "काल तर सतरा होते ना?"

मग एके दिवशी बुडबुडे थांबले. रस निवळला, गाळ खाली बसला, वाइन बाटल्यांत गेली. बाटल्या चार महिने कोठीच्या खोलीत आडव्या पडून राहिल्या. धाकटीने दोनदा चोरून एक उघडायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा पकडली गेली.

पहिली बाटली उघडली तेव्हा तिघंच होते. रंग फिकट सोनेरी, वास नासपतीचा, आणि चव अशी कोरडी, आंबट की जिभेला दोन्ही बाजूंनी झिणझिण्या आल्या. धाकटीने तोंड वेडंवाकडं केलं.

"आंबट झाली का गं?"

"जराशी," थोरलीने कबूल केलं. "पण मला आवडतेय."

दोघींनी काकांकडे पाहिलं. काकांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. मग दुसरा घेतला.

"काकूंची गोड असायची, नाही?" धाकटी अपराधी आवाजात म्हणाली.

"फार गोड," काका म्हणाले. "पाकासारखी. मला गोड वाइन कधीच आवडली नाही." ते ग्लासाकडे बघून हसले. "तीस वर्षं प्यालो. दर वर्षी ती विचारायची, कशी झाली? आणि मी म्हणायचो, यंदा फारच छान."

त्यांनी ग्लास संपवला आणि थोरलीपुढे धरला.

"ही मला आवडली. भर अजून. अगं, एवढीशी काय, वरपर्यंत भर."